सुतळीच्या माझ्या, बाकीच्या तुझ्या

वच्छला, तुझ्या कोंबड्यांनी दाणा सोडला आहे हे मला उशिरा कळलं. घर माणसांनी भरलेलं होतं. पांढरी लुगडी नेसलेल्या बाया ओसरीत दाटीवाटीने बसल्या होत्या. तुझी आत्या तुझ्या लहानपणची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून रडत होती आणि मी आल्यागेल्याला पाणी देत होतो. मागच्या शेडकडे एकदा सहज गेलो, तर सकाळी टाकलेला दाणा गव्हाणीत तसाच पडलेला. मला वाटलं, त्यांनाही कळलं असेल. लोक म्हणतात ना, मुक्या जिवाला माणसाआधी समजतं. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. राईस मिलमध्ये धानाच्या काट्यावर उमर गेली, मोजून दिसेल तेवढंच खरं मानणारा मी. पण त्या दिवशी मी ते मानलं. मानावंसं वाटलं. घरात माझ्यासारखं आणखी कोणीतरी जेवायचं थांबलं आहे, याचा मला आधार वाटला. त्या आधाराने तुझ्या अर्ध्याअधिक कोंबड्या नेल्या.

तू गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. कष्टाळू होती, मनमिळाऊ होती, दारात आलेल्याला उपाशी जाऊ देत नव्हती. सगळं खरं. पण कोंबड्यांचं नाव एकानेही घेतलं नाही. जणू मेलेल्या बाईच्या नावापुढे कोंबडी हा शब्द शोभत नाही. मला उठून सांगायचं होतं की चामोर्शीच्या बाजारात ‘वैनीची कोंबडी’ म्हटलं की लोक कोणाची ते विचारत नाहीत. उठलो नाही. उठलो असतो तर बोलता आलं नसतं.

म्हणून तुझ्याशीच बोलतो. दुसऱ्या कोणाशी बोलून काही होणारही नाही.

पहिली पेटी आठवते? नागपूरहून एसटीने आलेली, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पेटी, आत पिवळी पिल्लं चिवचिवणारी. कंडक्टर म्हणाला, “बाई, ह्या पाशिंजरायची तिकिटं कोन काढन?” आणि तू म्हणालीस, “तीन वर्साच्या आतले हायेत, फुकट!” पिल्लांसोबत व्यापाऱ्याने खाद्याचं पोतं दिलं होतं आणि पावडरीची पाकिटं दिली होती. आजार असो नसो, रोज पाण्यात चिमूटभर टाकायची. कोंबडी धट्टीकट्टी राहते, वजन लवकर भरते. मी टाकली. वजन खरंच भरलं. दर आठवड्याला तोलून पाहत होतो आणि खूश होत होतो. पहिल्या खेपेतली एक तू घरी शिजवलीस. एक घास खाल्लास आणि ताट पुढे सरकवलंस.

“अवो, हे कोंबडी हाय का भिजवलेला कापूस?”

“वजन पाह्यलं का तिचं?”

“वजन का खाऊ? तुमच्या काट्यावर बसून चाटू त्याले?”

आपली पोरगी मित्रा हसली. मला राग आला. ती तेव्हा नुकती कॉलेजात जाऊ लागली होती आणि प्रत्येक भांडणात तुझ्या बाजूने असायची. तू विचारलंस, “धडधाकट जिवाले रोज दवाई काऊन? मित्राले ताप नसताना गोळी देता का तुमी?”

मग तू आपला खुराक मांडलास. तांदळाची कणी, कोंढा, तेलघाण्यावरची जवसाची ढेप. त्यात वाळवून कुटलेला शेवग्याचा पाला, ठेचलेला लसूण, हळद, कडुनिंबाचा पाला, आणि उन्हाळ्यात पाण्यात ताक. माझं म्हणणं होतं, करून पाहू, पण माझ्या रीतीने पाहू. म्हणून शेडच्या मधोमध बांबूचा तट्टा उभा केला. एका पेटीतली पिल्लं दोन्हीकडे सारखी वाटली. अलीकडे तुझा पाला, पलीकडे माझी पावडर. तुझ्या बाजूच्या हळू वाढल्या. माझ्या बाजूच्या विकायला तयार झाल्या तेव्हा तुझ्या अजून पोरसवदा दिसत होत्या. मी रोज तुला तेच सांगायचो आणि तू रोज म्हणायचीस, “थांबा ना. गर्भार बाईले कोनी घाई करते का?”

चवीची परीक्षा घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं? बहुतेक तुझा भाऊ शामराव. तुझ्या बाजूची एक आणि माझ्या बाजूची एक, दोन गंजांत शिजवून गल्लीतल्या लोकांना वाढायची, कोणती कोणाची ते सांगायचं नाही. तू दोन्ही गंजांत आपला नेहमीचा रस्सा केलास, नाकातून पाणी काढणारा. लोकांनी दोन्ही ताटं चाटून पुसली. दोन्ही मस्त! तू कपाळाला हात लावलास. “ह्या तिखटात गोटा शिजवला तरी हे लोक हाडं समजून चोखतीन.” दुसऱ्या खेपेला नुसतं मीठ आणि हळद घातलीस, तर खायला कोणी तयार होईना. शामराव ताटाकडे पाहून म्हणाला, “बाई, हे बाळंतिणीचं हाय का? मी तं अजून पोटुशी नाई.”

शेवटी खाणारे आपण तिघंच उरलो आणि मी तराजू आणला. कच्चं मांस तोललं, शिजल्यावर पुन्हा तोललं. माझ्या बाजूच्या कोंबडीने गंजात इतकं पाणी सोडलं होतं की मांस त्यात पोहत होतं आणि तुकडे आकसून लहान झाले होते. तुझ्या कोंबडीचे तुकडे जवळपास तसेच होते. पाणी थोडं, पण वर पिवळसर तेलाची चकती. हाडापासून धागे सुटत होते आणि दाताला लागत होते. कच्च्यात माझी कितीतरी जड होती, शिजल्यावर फरक राहिला नव्हता म्हटलं तरी चालेल. मी तसं मोठ्याने जाहीर केलं. तू गंजातली तंगडी काढलीस आणि माझ्या ताटात ठेवलीस. तुझ्या बाजूच्या कोंबडीची.

जिंकल्यावर तू कधी टोमणा मारला नाहीस, वच्छला. हरल्यावर मात्र तुझं तोंड बंद होत नव्हतं.

हरलीस ती मासोळीत. तोवर तट्टा निघाला होता, पावडर बंद झाली होती, सगळ्या कोंबड्या तुझ्या खुराकावर होत्या. तलावातली बारकी सुकी मासोळी घेऊन एक बाई दारावर यायची. ती खुराकात घातल्यावर कोंबड्यांचे पाय मजबूत झाले, अंग भरलं. मलाही आनंद झाला, कारण आता आकडेही तुझ्या बाजूने बोलू लागले होते. जवसाची ढेपही तू वाढवलीस. विकायच्या दिवसापर्यंत दोन्ही चालू ठेवलंस. मग बसस्टँडजवळ खानावळ चालवणारी सोनाबाई आपल्या दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

“वैनी, कोंबडी देल्ली का मासोळी देल्ली तुनं? रस्सा कोंबडीचा आन् वास तलावाचा! माह्या गिऱ्हाइकानं ताटात काटे शोधले, काटे!”

तू हसायला लागलीस. हसता हसता पोत्यावर बसलीस. सोनाबाईही हसली, आणि मग म्हणाली, “हास, हास. मी का खाऊ घालू लोकायले आज?” तू त्या सगळ्या कोंबड्या परत घेतल्यास आणि आपण कित्येक दिवस तळ्याच्या वासाची कोंबडी खाल्ली. मित्रा नाकाला ओढणी लावून जेवायची. तेव्हापासून तुझा नियम झाला. विकायच्या काही आठवडे आधी मासोळी बंद, जवस कमी. पण त्या आठवड्यांतही तुझं तोंड चालूच. मासोळीवालीने खारट मासोळी दिली असेल, तलावच घाण असेल, सोनाबाईने हात धुतले नसतील. सगळ्यांची चूक, तुझी सोडून.

आता हसू आलं मला. लगेच गेलं.

एक भांडण मात्र आपलं राहूनच गेलं. मी विचारायचो, “आन् आजारी पडल्या तं?” तू म्हणायचीस, “पडू देत नाई मी.” ते खरंही होतं. सकाळी उठल्याबरोबर तू बारदान्याचे पडदे वर करायचीस, भुसा खालीवर करायचीस, ओला असेल तेवढा काढून फेकायचीस. कोंबड्यांच्या शेडमध्ये माणसाला बसून जेवता आलं पाहिजे, हे तुझं मोजमाप होतं. तरी मी सोडत नव्हतो. “पडल्याच तं? तवा का करशीन? पाला चाटवत बसशीन?” तू चिडायचीस. “तुमी बलावून राह्यले का आजाराले? या, बसा, चहा घ्या म्हून!” आणि उठून जायचीस. तू पळ काढतेस असं मला वाटायचं. तुझ्या बोलण्यात ही एक फट आहे आणि तुला ती दिसते आहे, असं मला वाटायचं.

धान कापणीवर आलं तेव्हा तुला ताप आला. थंडी वाजली तशी अंगावर गोधड्या टाकून पडलीस, घाम आला तशी उठलीस आणि शेडमध्ये गेलीस. पुन्हा ताप. मग बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तेव्हा तुला जीपमध्ये घालून गडचिरोलीला नेलं. वाटेत तू माझं नाव विचारलंस. मी सांगितलं. तू म्हणालीस, “बरं हाय नाव.”

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

दवाखान्यात एक दिवस तू शुद्धीवर होतीस. पूर्ण शुद्धीवर. वर सलाईनची बाटली, हाताला सुई, उशाशी गोळ्या. मला इतकं हायसं वाटलं की मी चेष्टा केली. म्हटलं, “का वो, आता चालते का दवाई?” तू हसलीस. ओठ फुटलेले होते, तरी हसलीस. “मी आजारी हाओ म्हून घेऊन राह्यली. रोज भातात कालवून नोती खात.” मग डोळे मिटलेस. डोळे न उघडताच म्हणालीस, “अवो, तो पाला...” मी म्हटलं, “पायतो मी. तू झोप.” तू झोपलीस.

मी बोलू दिलं असतं तर! तो पाला, आणि पुढे काय? त्यानंतर तू जे बोललीस ते शब्द नव्हते.

आता ऐक, मी काय केलं ते. तुझी कडुनिंबाची मूठ मी एकदा तोलून ठेवली होती. तू हसली होतीस, पण मी तोलली होती, आणि तो आकडा माझ्या डोक्यात पक्का होता. तू दवाखान्यात असताना आणि गेल्यावरही, खुराकात मी तेवढाच पाला तोलून घालत होतो. एक गुंजही इकडची तिकडे नाही. पण तुझी मूठ मी तोलली ती ओल्या पाल्याची होती. यंदा तू सावलीत वाळवून डबा भरून ठेवला होतास, आणि झाडावर चढायला मला सवड नव्हती, म्हणून मी त्या डब्यातला घेतला. ओल्या पाल्याचं वजन वाळल्या पाल्याला लावलं. वाळल्यावर पाला हलका होतो हे मला ठाऊक नाही? मी धान तोलणारा माणूस! ओलं धान आणि वाळलं धान यावरून मी जन्मभर शेतकऱ्यांशी वाद घातले आहेत. तेवढ्या वजनात तिप्पट पाला गेला असेल. वजन बरोबर होतं. खुराक जहर कडू झाला होता.

आणि वरून आणखी एक. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून मी शेडचे पडदे खाली सोडून ठेवले. पांढरे कपडे घालून माणसं मातीला आली आहेत, बुद्धवंदना चालू आहे, त्यात कोंबड्यांचा वास बरा दिसत नाही, असं मला वाटलं. मला लाज वाटली, वच्छला. तुझ्याच कोंबड्यांची, तुझ्याच कार्यक्रमात. थंडीचे दिवस, पडदे बंद, भुसा कोणी उलटलेला नाही. आत गेलं की डोळे झोंबायला लागले होते. पोट उपाशी आणि हवा अशी. त्यांच्या गळ्यात घरघर सुरू झाली. मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घ्यायला लागल्या. मग सकाळी कोपऱ्यात एक पडलेली सापडली. दुसऱ्या दिवशी जास्त.

मित्राने ओळखलं. वरोऱ्याच्या सासरहून आल्यापासून ती तुझ्या गोधडीवर पडून होती. त्या दिवशी उठली, शेडमध्ये गेली, गव्हाणीतला खुराक चिमटीत घेऊन जिभेवर ठेवला आणि थुंकली.

“बाबा, हे का केलं? हे तं जनावर का, भूतही खानार नाई.”

“आईच्याच मापानं केलं.”

“कोनता पाला घेतला?”

मी डबा दाखवला. ती डब्याकडे पाहत राहिली. मला रागवली नाही. रागवली असती तर बरं झालं असतं. मी तिथे भुशातच खाली बसलो. त्या उपाशी होत्या, वच्छला. इतके दिवस मी त्यांच्याकडे पाहून मनात म्हणत होतो, पाहा, ह्यांनाही ती हवी आहे. आणि त्या फक्त उपाशी होत्या. माझ्या हातचं त्यांना खाववत नव्हतं.

शामराव बाजारातून पावडरीचं पाकीट घेऊन आला. “पुऱ्या पान्यात टाका, भाऊजी. दोन दिवसांत घरघर बंद.”

“वच्छलानं कधी टाकली नाई.”

“बाई गेली ना भाऊजी आता. कोन पाहून राह्यलं?” आणि असं म्हणून तो स्वतःच रडायला लागला, पाकीट हातात धरून.

त्याचं चूक नव्हतं. पाकीट घेऊन मी पाण्याच्या भांड्याजवळ उभा राहिलो. टाकली तर ह्या कोंबड्या वाचतील, पण ‘वैनीची कोंबडी’ संपेल, तीही तुझी माती ओली असताना, माझ्या हाताने. नाही टाकली तर तुझं नाव राहील आणि त्या नावाखाली एकही जीव राहणार नाही. त्या माना ताणून श्वास घेत होत्या. दवाखान्यात तू तशीच श्वास घेत होतीस, शेवटी. मी ती सुई काढा म्हटलं होतं का? मी तर डॉक्टरांचे पाय धरले होते. आणखी द्या, काय असेल ते द्या. तेव्हा मला तुझा कोणता नियम आठवला होता?

तिथे उभा असताना तुझं ते वाक्य आठवलं. आजारी हाओ म्हून घेऊन राह्यली. आपल्या भांडणाचं उत्तर तू मला दिलं होतंस, खाटेवरून, हसत, आणि मी ते चेष्टा म्हणून घेतलं होतं. तू पळ काढत नव्हतीस. तुला ते इतकं साधं वाटत होतं की सांगायची गरजच वाटली नसेल.

मी तट्टा पुन्हा उभा केला, त्याच जागी. पडदे वर केले, भुसा सगळा काढून नवा टाकला. ज्यांच्या गळ्यात घरघर, त्या पलीकडे, पावडरीच्या पाण्यावर. ज्या बऱ्या, त्या अलीकडे, साध्या पाण्यावर. सगळ्या पांढऱ्या, एकीसारखी दुसरी, म्हणून पलीकडे टाकलेल्या प्रत्येकीच्या पायाला सुतळी बांधली. शामराव डोळे पुसत म्हणाला, “सरकारी शिक्का मारून राह्यले का, भाऊजी? म्हनतीन, ह्या जंगल खात्याच्या कोंबड्या.” मी म्हटलं, “सुतळीच्या माझ्या. बाकीच्या तिच्या.”

मला वाटलं, ठरलं आता, सुटलो. पण रोज सकाळी तुझ्या बाजूला जाऊन एकेक उचलायची, छातीला कान लावायचा, आणि घरघर ऐकू आली की पायाला सुतळी बांधून तट्ट्यापलीकडे टाकायची. रोज तुझ्या कमी होत होत्या आणि माझ्या वाढत होत्या. मी कान लावण्याआधी थांबायचो. एकदा एकीच्या छातीत आवाज ऐकला आणि नाही ऐकला असं केलं. अलीकडेच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती मेलेली होती, तुझ्या बाजूला, सुतळीशिवाय. तुझी म्हणून मेली. त्यानंतर मी तसं केलं नाही.

खुराक मित्राने कालवला. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. तिने डब्यात हात घातला, वाळका पाला मुठीत घेतला, मूठ नाकाशी नेली आणि करंगळी सैल केली. थोडा पाला परत डब्यात गळला. पुन्हा हुंगलं, पुन्हा थोडा सोडला. मी म्हटलं, “हे कोनं शिकवलं तुले?” ती म्हणाली, “का?” तिला माहीतच नव्हतं आपण काय केलं ते. मी तुझी मूठ तोलली होती, पण पाला मुठीत घेतल्याबरोबर तुझा हात तराजूवर ओढला होता. करंगळी सोडायला तुला वेळच दिला नव्हता.

तिच्या हातचा दाणा त्यांनी खाल्ला. लगेच नाही, संध्याकाळपर्यंत टोचून टोचून. मित्रा गव्हाणीजवळ बसून राहिली. गव्हाणीचा तळ दिसला तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि मी तिला जवळ घेऊ शकलो नाही, कारण माझे हात पावडरीच्या पाण्याने भरलेले होते. तिला सासरी परत जावंच लागणार होतं. तिची पोरं तिकडे वाट पाहत होती. गाडीत बसताना म्हणाली, “बाबा, नाकाजवळ नेऊन पाहात जा. आकडा पाहू नका.” मी पाहतो. मला सगळ्याच मुठींचा वास सारखा येतो.

काल बाजार होता. तुझ्या बाजूच्या ज्या उरल्या होत्या त्यांचं अंग भरलं होतं. तू असतीस तर याच बाजाराला काढल्या असत्यास. पहाटेच्या अंधुक उजेडात धरून टोपलीत घातल्या, सायकलला बांधल्या. तुझ्या जागेवर, त्या चिंचेखाली, टोपली ठेवून बसलो. सोनाबाई आली. माझ्यासमोर बसली. मग टोपलीत हात घातला, एकीला बाहेर काढलं, छाती दाबून पाहिली, जशी तुझ्यासमोर पाहायची.

“भाऊ, वैनीच्याच ना?”

“वैनीच्याच.”

“मंग इच्या पायाले सुतळी काऊन?”

 तट्ट्यावरून अलीकडे उडालेली एक अंधारात टोपलीत आली होती. मी तिच्या हातातून ती घेतली. म्हटलं, “बाई, ही नाई. सुतळीच्या माझ्या. बाकीच्या तिच्या.”

“का झालं इले?”

“आजारी होती. दवाई देल्ली.”

“आता बरी हाय ना?”

“हाय.”

“मंग वैनीचीच हाय. वैनी का आजारी कोंबडीले फेकून देत होती का?”

 मी एवढंच म्हटलं की दवाई अजून तिच्या अंगात असेल, मी ही विकत नाही. सोनाबाईने जास्त ताणलं नाही. बाकीच्या सगळ्या तिने घेतल्या, एकही दुसऱ्याला दिली नाही. जाताना एकदा मागे वळली आणि म्हणाली, “आज रस्सा नाई करत. नुसतं मीठ-हळद टाकते. ज्याले नाई आवडन त्यानं उठून जावं.”

टोपलीत ती एकटी राहिली, पायाला सुतळी. तिला घेऊन परत आलो.

आता तट्ट्याच्या अलीकडे काही नाही. नवा भुसा आहे, स्वच्छ, माणसाला बसून जेवता येईल असा. पलीकडे माझ्या आहेत. पावडर बंद करून थोडे दिवस झाले आहेत. बऱ्याचजणींची घरघर थांबली आहे, दोनतिघींची नाही. दाणा खातात. शामराव म्हणतो, तट्टा काढून टाका, त्यांना फिरायला जागा होईल. त्याचं बरोबर आहे. सकाळी तट्ट्याची दोरी सोडायला म्हणून गेलो आणि गाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

आजारी पडल्या तर काय करायचं, हे तू सांगून गेलीस. पण बऱ्या झाल्यावर त्या कोणाच्या, ते विचारायचं राहिलं. त्या तुझ्या बाजूला येऊ शकतात का? किती दिवसांनी? सुतळी सोडली की झालं का? मला मोजता येतं, वच्छला, मोजून सांगशील तेवढे दिवस थांबेन. सोनाबाई म्हणते तुझ्याच. पण ती जेवण करून वाढणारी बाई आहे, सगळ्यांना आपलंच म्हणते. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू नुसती चिडून उठून गेली असतीस तरी मला कळलं असतं.

तट्टा अजून उभा आहे. मी पलीकडच्या बाजूला बसलो आहे.